सखाहरी पाटकरी आणि बाईंची पेन्शन

एका गावात एक भोळा पाटकरी होता, असं गाव म्हणायचं. सरकार म्हणायचं, एकनिष्ठ कर्मचारी. माणूस एकच. नाव सखाहरी.

पाटकरी म्हणजे कालव्याचं दार सांभाळणारा. शेतकऱ्याची पाळी आली की दार उघडायचं, पाळी संपली की लावायचं. नोकरीच्या पहिल्याच दिवशी साहेबांनी बजावलं, "चिठ्ठी आल्याशिवाय दार उघडायचं नाही." सखाहरीने मान डोलावली आणि गोष्ट पक्की लक्षात ठेवली. संध्याकाळी तो पाटावरच्या सरकारी खोलीपाशी गेला आणि बाहेरच उभा राहिला. खोलीलाही दार होतं आणि चिठ्ठी कुठे होती? दुसऱ्या दिवशी साहेबांनी चिठ्ठी लिहून दिली, तेव्हा बिचारा आत जाऊन आडवा झाला.

अशी त्याने सदतीस वर्षं काढली. सांगितलं तेवढंच करणाऱ्याला सरकारी खात्यात कुणी नावं ठेवत नाही. साठाव्या वर्षी हार-नारळ घेऊन तो घरी आला, त्याची पेन्शन सुरू झाली आणि इतकी वर्षं खात्याने सांभाळलेला हा माणूस अख्खाच्या अख्खा बायकोच्या वाट्याला आला.

बायको कौसल्याबाई. झेडपीच्या शाळेत शिक्षिका. सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं, म्हणून सखाहरीही बाईच म्हणायचा. वर्गातली साठ पोरं सांभाळून त्या घरी यायच्या, तर एकसष्टावा उंबऱ्यात बसून वाट बघत असायचा. बाई त्याच्यावर चिडायच्या आणि दोन मिनिटांनी त्यालाच चहा विचारायच्या.

त्याच वर्षी बाईही रिटायर होणार होत्या. छत्तीस वर्षं ओढा ओलांडून शाळा केली होती. आपल्या नावाची, आपल्या कष्टाची पेन्शन घ्यायची आणि निवांत बसायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. फक्त कागद महिनाअखेरीच्या आत तालुक्याच्या ऑफिसात पोचायला हवे होते. नाही पोचले तर फाइल कुठल्या कपाटात जाऊन बसेल आणि कधी बाहेर येईल, देवालाही सांगता आलं नसतं.

त्यातच दूध डेअरीवर नाना खेमनरने सखाहरीला गाठलं. नानाला सगळ्यातलं सगळं कळायचं.

"सख्या, एका घरात दोन पेन्शनी? सरकार काय खुळं हाये का? बाईंची चालू झाली की तुझी बंद. लिहून घे."

सखाहरीकडे लिहून घ्यायला कागद नव्हता. दुधाची किटली तिथेच ठेवून तो थेट तालुक्याला गेला आणि पेन्शनच्या टेबलावरच्या कुलथे भाऊसाहेबांपुढे उभा राहिला.

"भाऊसाहेब, बाईंची चालू झाली की माझी कापनार का?"

"कोण म्हणतं? तुमचं तुमच्यापाशी, त्यांचं त्यांच्यापाशी. एकाचा दुसऱ्याला धक्का नाही."

"अजिबात नाय?"

"अजिबात नाही. उलट उद्या दोघांतलं एक वारलं, तर मागे राहिलेल्याला स्वतःची पेन्शन मिळतेच, आणि शिवाय गेलेल्याच्या पेन्शनमधला हिस्साही मिळतो. कुटुंब निवृत्तिवेतन म्हणतात त्याला."

सखाहरीचा चेहरा उतरला. "म्हंजे बाई वारल्या तर त्यांची मला?"

"हो."

"नको," सखाहरी म्हणाला.

"अहो, नको कसं? नियम आहे!"

सखाहरीने मान डोलावली. बाई वारण्याची गोष्ट त्याने परतताना गाडीतच टाकून दिली. बाकीची पक्की लक्षात ठेवली. तुमचं तुमच्यापाशी, त्यांचं त्यांच्यापाशी, धक्का नाही.

घरी येताच त्याने बाईंच्या पिशवीतला खडू घेतला आणि अंगणाच्या मधोमध रेघ ओढली. आपल्या बाजूचं अंगण झाडलं. आपल्या बाजूच्या तुळशीला पाणी घातलं. तुळस एकच होती, म्हणून अर्ध्या तुळशीला घातलं. मोरीपुढची फरशी शेवाळली होती. रेघ तिच्या बरोब्बर मधून गेली होती. आपली अर्धी फरशी त्याने काथ्याने घासून लख्ख केली आणि बाईंच्या अर्धीला बोट लावलं नाही.

सकाळी बाई तांब्या घेऊन आल्या आणि आपल्या अर्ध्या फरशीवरून घसरून आपटल्या. पाय टम्म सुजला. डॉक्टरांनी पट्टी बांधून तीन आठवडे घराबाहेर पडायला बंदी केली.

"अहो, ते पेन्शनचं होतं!" बाई कण्हत म्हणाल्या.

"मग फरशीला येगळा नियम हाये का?" सखाहरीने विचारलं. त्याला खरंच वाईट वाटत होतं. पण नियमही माहीत हवा.

आता ऑफिसचे हेलपाटे त्याच्यावर आले. बाईंना त्या सुजलेल्या पायापेक्षा याचीच धास्ती जास्त वाटली. त्यांनी कागदांची पिशवी भरली आणि पहिलीच्या पोराला सांगावं तसं सांगितलं.

"नीट ऐका. मूळ कागद नुसता दाखवायचा आणि झेरॉक्स द्यायची. काही झालं तरी मूळ कागद हातातून सोडायचा नाही."

सखाहरीने मान डोलावली. स्टँडवरच्या दुकानात पिशवीतल्या सगळ्याच्या झेरॉक्स काढल्या. सगळ्याच्या म्हणजे सगळ्याच्या. दुकानात बाईंचं खातं होतं, म्हणून पैशाचा प्रश्न आला नाही. तो एसटीत आला.

"तिकीट," कंडक्टर म्हणाला.

सखाहरीने पिशवीतली शंभराची नोट काढली, पुढून दाखवली, मागून दाखवली आणि मुठीत धरली. मग कंडक्टरच्या हातावर एक कागद ठेवला.

"हे काय?"

"झेरॉक्स. मूळ बघितलं ना तुम्ही?"

कंडक्टरने वीस वर्षांत फाटक्या नोटा पाहिल्या होत्या, चिकटवलेल्या पाहिल्या होत्या. काळी-पांढरी नोट पहिल्यांदाच पाहत होता. त्याने दोरी ओढली आणि सखाहरीला बोरठाणच्या फाट्यावर उतरवून दिलं. तिथून सखाहरी आठ किलोमीटर चालत घरी आला. मूळ नोट मुठीत घट्ट होती.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, तिथे मूळच द्यायचं असतं! आणि एकदा दिलं की परत मागायचं नसतं."

सखाहरीने मान डोलावली. मूळच द्यायचं, परत मागायचं नाही.

दुसऱ्या खेपेला बाईंनी सांगितलं, "कागदांबरोबर जोडप्याचा फोटो लागतो. आपल्या दोघांचा, एकत्र." आणि त्या गोळी घेऊन झोपल्या. सखाहरीने भिंतीवरचा लग्नाचा फोटो काढला. दीड हात लांब, शिसवी चौकट, वर काच. मूळच होता. तालुक्याला पोचला तेव्हा भाऊसाहेब चहाला गेले होते. त्याने कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला, शेजारी फोटो उभा केला आणि परत मागायचा मोह नको म्हणून लगबगीने निघून आला.

ऑफिसचा शिपाई फार भाविक होता. त्याला वाटलं, कुणीतरी जुने साहेब आणि त्यांच्या मंडळी असतील, घरच्यांनी आठवण म्हणून फोटो दिला असेल. त्याने खिळा ठोकला, फोटो टांगला, आदल्या दिवशीच्या निरोप समारंभातला झेंडूचा हार चढवला आणि उदबत्ती लावली.

दोन दिवसांनी सखाहरी गेला, तर फोटोपुढे एक म्हातारा पेन्शनर टोपी काढून उभा होता. सखाहरीही बाजूला हात जोडून उभा राहिला.

"चांगली माणसं लवकर जातात," म्हातारा उसासून म्हणाला. "कोण होते हो हे?"

"मी," सखाहरी म्हणाला.

म्हाताऱ्याने त्याच्याकडे बघितलं, फोटोकडे बघितलं आणि टोपी तिथेच टाकून तो पायऱ्या उतरला. पुढचे तीन महिने त्याची पेन्शन त्याचा मुलगा घेऊन गेला.

कुलथे भाऊसाहेब मात्र जाम भडकले. "अहो, जिवंतपणी स्वतःला हार घालून घेतलात! छोटा फोटो लागतो, दोन बोटांचा. असू दे, याचाच मी मोबाइलवर काढून घेतो. पण यापुढे असलं काही टांगायला आणू नका. शंका आली की माणूसच समोर उभा करत जा, म्हणजे घोळ होत नाही. आणि आता कुटुंबातल्या सगळ्यांची यादी आणा. नाव, वय, नातं."

सखाहरीने मान डोलावली. माणूसच समोर उभा करायचा.

तिसऱ्या खेपेला ऑफिसपुढे टेंपो थांबला. त्यातून लेक सुरेखा उतरली, जावई उतरला, दोन नातवंडं उतरली. मग चुलता, चुलती, त्यांची तीन पोरं आणि शेवटी दोघांनी बखोटीला धरून नव्वदीची आंधळी आत्या उतरवली. सखाहरीने सगळ्यांना टेबलापुढे ओळीने उभं केलं.

"लगीन कुनाचं हाये?" आत्याने विचारलं.

"हे काय आहे?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"यादी," सखाहरी म्हणाला. "वयानं उभी केलीये. आत्यापासून वाचायला घ्या."

भाऊसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. यादी तशीच उभी होती. यादीतल्या धाकट्याला शी लागली होती.

"माणसं कशाला आणलीत?" भाऊसाहेब ओरडले. "कागदावर लिहायचं, खाली सही करायची, आजची तारीख टाकायची. झालं! माणूस लागत नाही!"

सखाहरीने मान डोलावली. लिहायचं, सही, आजची तारीख. झालं. माणूस लागत नाही. त्याला हा नियम सगळ्यांत आवडला. टेंपोला फार भाडं पडलं होतं.

जाता जाता भाऊसाहेबांनी आणखी एक कागद सांगितला. बाई नोकरीला लागल्या तेव्हा लग्न व्हायचं होतं. सरकारी दप्तरात माहेरचं नाव, आता नाव सासरचं. मधला दुवा म्हणून लग्नाचा दाखला हवा. लग्न तर चौतीस वर्षांपूर्वी दारातल्या मांडवात झालेलं, नोंदवलं होतं कुणी? बाईंनी साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, आपली सही केली आणि बाकीचा फॉर्म भरायला सखाहरीला ग्रामपंचायतीत पाठवलं.

फॉर्मवर विचारलं होतं, विवाहाची तारीख. सखाहरी जराही अडखळला नाही. त्याने आजची टाकली. ग्रामसेवकांच्या दारात पाण्यासाठी बायकांचा मोर्चा आला होता. त्यांनी मोर्चाकडे बघत बघत शिक्का मारला. मंगळवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी सखाहरीचं बाईंशी लग्न लागलं. माणूस लागला नाही.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. बाईंना राहवलं नाही. पट्टी बांधलेला पाय घेऊन, सखाहरीच्या खांद्यावर भार टाकून त्या स्वतः ऑफिसात आल्या. पाचच्या आत फाइल गेली तर गेली. प्रकरण इतकं गाजलेलं होतं की त्या दिवशी मोठे साहेब स्वतः कुलथ्यांच्या टेबलापाशी येऊन बसले होते.

साहेबांनी दाखला वाचला. मग कागदावर लिहिलेली यादी वाचली. मग पुन्हा दाखला वाचला.

"लग्न परवाच्या मंगळवारी?"

"हो साहेब," सखाहरी म्हणाला.

"आणि मुलगी बत्तीस वर्षांची?"

"हो साहेब. तुमच्या भाऊसाहेबांनी बघितलीये तिला. उभी केली होती."

बाईंनी दाखला हातात घेतला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"पाटकरी, नीट सांगा. तुमच्या स्वतःच्या पेन्शनच्या कागदात लग्न चौतीस वर्षांपूर्वीचं आहे. हे परवाचं. म्हणजे तुम्ही पुनर्विवाह केलात?"

सखाहरीने विचार केला. एकदा मांडवात, एकदा ग्रामपंचायतीत. "दोनदा झालं खरं."

"आणि ही दुसरी कोण?"

"बाई."

"मग पहिली?"

"त्याबी बाईच."

"पहिलीचं काय झालं?"

"ह्या काय, बसल्यात. पाय मुरगळलाय."

सगळं ऑफिस खदखदा हसायला लागलं. शिपायाने हसता हसता भिंतीचा आधार घेतला आणि लग्नाचा फोटो वाकडा झाला. फक्त बाई हसल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर त्यांची पेन्शन या माणसाच्या एका तारखेपाशी अडकून पडली होती आणि घड्याळात साडेतीन वाजले होते.

सखाहरीने ते पाणी बघितलं. तो टेबलापुढे सरकला. "साहेब," तो म्हणाला, "माझी बंद करा. पन बाईंची अडवू नका."

साहेबांचं हसू थांबलं. त्यांनी स्वतः ग्रामसेवकांना फोन लावला. ग्रामसेवक मोटारसायकलवर रजिस्टर घेऊन धावत आले, तारीख दुरुस्त झाली, सह्या झाल्या. पाचला दहा मिनिटं कमी असताना फाइल गेली.

दमलेले भाऊसाहेब सखाहरीला म्हणाले, "काका, हात जोडतो. ज्या दिवसाची गोष्ट, त्या दिवसाची तारीख टाकत जा. आणि एकेका कागदासाठी हेलपाटे घालू नका. काय द्यायचं ते एकदाच सगळं आणून द्या!"

सखाहरीने मान डोलावली आणि गोष्ट पक्की लक्षात ठेवली.

बाईंची पेन्शन सुरू झाली. सखाहरीचीही चालू राहिली. नाना खेमनर महिनाभर डेअरीवर फिरकला नाही. अंगणातली खडूची रेघ बाईंनी स्वतः पाणी ओतून धुतली आणि सगळं सुरळीत झालं, असं वाटेपर्यंत नोव्हेंबर आला.

"अहो, हयातीचा दाखला द्यायचाय," बाई म्हणाल्या. "आपण दोघं जिवंत आहोत असं दर नोव्हेंबरात कळवावं लागतं. उद्या जाऊ दोघं."

"आन् नाय कळवलं तर?"

"तर माणूस राहिलं नाही असं धरतात आणि पेन्शन बंद करतात."

सखाहरीचा घास तोंडातच राहिला. गाडीत टाकून दिलेली ती गोष्ट चालत चालत घरी आली होती. बाई राहिल्या नाहीत असं कुणीतरी धरणार. नुसतं एका कागदावाचून! त्याचं जेवणावरून मन उडालं. दुपारभर बाई शेजारणीकडे पापड लाटायला गेल्या होत्या. तेवढ्यात त्याने बाईंच्या दोन कोऱ्या वह्या फाडल्या आणि लिहायला बसला.

दुसऱ्या दिवशी बाई उठायच्या आत तो पहिल्या एसटीने गेला. एकदा मुरगळलेल्या पायाला कशाला त्रास? माणूस लागत नाही, हे त्याला पाठ होतं. त्याने भाऊसाहेबांपुढे गठ्ठा ठेवला.

भाऊसाहेबांनी पहिला कागद वाचला. 'कौसल्याबाई जिवंत आहेत.' सही, यंदाची तारीख. दुसरा वाचला. 'कौसल्याबाई जिवंत आहेत.' सही, पुढच्या नोव्हेंबरची तारीख. तिसरा, त्याच्या पुढच्या नोव्हेंबरची. त्यांनी गठ्ठा उलटा केला. शेवटच्या कागदावर बाई शंभर वर्षांच्या होत्या आणि जिवंत होत्या.

"हे काय?"

"दाखले. लिहिलंय, सही केलीये, ज्या दिवसाची गोष्ट त्या दिवसाची तारीख टाकलीये. हेलपाटे नकोत म्हणून एकदाच सगळे आणले. बाईंचे बेचाळीस, माझे एकेचाळीस."

भाऊसाहेबांना संताप आला होता, हसूही आलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "तुमचा एक कमी का?"

"तुमीच सांगितलं होतं की," सखाहरी म्हणाला. "एक वारलं की त्याचंबी दुसऱ्याला मिळतं. बाईंचं मला नको. शेवटच्या वर्षी माझं बाईंना मिळू द्या."

भाऊसाहेब चष्मा काढून पुसत बसले. आणि तेवढ्यात घोटाळा झाला. समोर कागद आला की शिक्का मारायचा, ही शिपायाची जुनी सवय. त्याने धाडधाड त्र्याऐंशी कागदांवर 'मिळाले' असा शिक्का मारला आणि पोच सखाहरीच्या हातात दिली.

सखाहरी ताठ मानेने घरी आला. बाई उंबऱ्यात वाटच बघत होत्या. त्याने सगळं सांगितलं. बाई पायरीवर मटकन बसल्या आणि दोन्ही हातांनी डोकं धरून म्हणाल्या, "मेले, मेले मी या माणसापायी!"

सखाहरीने घाईघाईने पोच काढली, पुढून दाखवली, मागून दाखवली.

"नाय बाई. अजून बेचाळीस वर्षं नाय. शिक्का बसलाय."